पिवळी पट्टी

त्या रविवारी बाबा सांबारवडीचं सारण परतत होते आणि मधूनमधून झारा माझ्यावर रोखून माझी मुलाखत घेत होते.

"युवर फुल नेम?"

"बाबा, नाव त्यांना आधीच माहीत असतं."

"माहीत असलं तरी विचारतात. सरकारी माणूस आहे समोर. आणि बसायच्या आधी 'मे आय सिट' म्हण."

"मी माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसलेली असणार आहे. लॅपटॉपसमोर."

"तरी म्हण. इम्प्रेशन पडतं."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सलील, माझा नवरा, मोबाइलवर बातम्या वाचत बसला होता. "बाबा, इथे इम्प्रेशन पाडायला एकच शब्द लागतो," तो म्हणाला. "ग्रँड. कसे आहात, ग्रँड. चहा हवा का, ग्रँड. चहा नको का, तरी ग्रँड. पाय मोडून पडलात तरी आधी ग्रँड म्हणायचं, मग ॲम्ब्युलन्स बोलवायची."

"जावईबापू, तुम्ही तुमचं सॉफ्टवेअर पाहा," बाबा म्हणाले. "आम्ही इथे सरकारी नोकरीचं पाहून राहिलो."

जानेवारीचा पहिला रविवार होता तो. नाताळात थोडे दिवस उघडलेला देश पुन्हा बंद झाला होता. बाबा आदल्या फेब्रुवारीत नागपूरहून आमच्याकडे परदेशात, ॲडम्सटाउनला, तीन महिन्यांसाठी म्हणून आले होते. आधी विमानं बंद झाली. सुरू झाली तेव्हा त्यांचं वय आणि शुगर पाहून आम्हीच त्यांना जाऊ दिलं नाही. आई काही वर्षांपूर्वीच गेली होती. नागपूरच्या घरात त्यांची वाट पाहणारं कोणी नव्हतं.

नागपूरच्या एका सरकारी कॅन्सर इस्पितळात ते विकिरण सुरक्षा अधिकारी होते. किरणांचे उपचार चालू असताना डॉक्टर, नर्स, सफाई कामगार, नातेवाईक, यांच्यापैकी कोणाच्याही अंगावर नको तेवढे किरण पडू नयेत, हे पाहणं त्यांचं काम. मी फिजिक्स घेतलं ते त्यांचं पाहूनच. इथे क्लोनडॉकिनला एका कारखान्यात शस्त्रक्रियेच्या सामानाची बंद पाकिटं एक्स-रेखाली तपासतात. तिथल्या सुरक्षेची जबाबदारी माझ्याकडे होती. म्हणजे काम साधारण बाबांचंच, पण नोकरी खासगी. बाबांच्या लेखी ती नोकरीच नव्हती.

आता सरकारच्या किरणोत्सर्ग विभागात निरीक्षकाची जागा निघाली होती. इस्पितळं, कारखाने, दातांचे दवाखाने, गुरांचे दवाखाने, जिथे जिथे एक्स-रे किंवा किरणोत्सर्गी द्रव्य वापरतात तिथे जाऊन तपासणी करायची. मुलाखत महिनाअखेरीला, व्हिडिओवर. मला ती नोकरी हवी होती. किती हवी होती हे मी सलीललाही सांगितलं नव्हतं. बाबांना सांगावं लागलं नाही.

"कायदा पूर्ण वाचला का?" त्यांनी विचारलं.

"वाचला. बाबा, यांच्याकडे एक वेगळाच वर्ग आहे. रुग्णाची काळजी घेणारे आणि त्याला धीर देणारे. नोकरी म्हणून येणारे नाहीत, नात्यानं येणारे. त्यांना इतर लोकांपेक्षा थोडा जास्त डोस चालतो. फक्त त्यांना धोका नीट समजावून सांगितलेला हवा, आणि त्यांनी आपण होऊन हो म्हटलेलं हवं."

बाबांचा झारा थांबला. "धीर देणारे? असं लिहून आहे? कायद्यात?"

"असंच."

"चांगलं आहे ना बाप्पा." ते पुन्हा परतायला लागले. "आम्हाला असं कोणी शिकवलं नव्हतं. मी आपला पट्टी सरकवत होतो."

पट्टीची गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली होती, सलीलनेही दोन-चारदा ऐकली होती, तरी दोघांनीही त्यांना सांगू दिली. थायरॉइडच्या कॅन्सरवर किरणोत्सर्गी आयोडीन पाजतात. ते पोटात गेलं की काही दिवस रुग्णच किरण टाकत असतो, म्हणून त्याला एकट्याला खोलीत ठेवतात. नातेवाइकांनी दारापाशी, जमिनीवरच्या रेषेबाहेर उभं राहायचं. बाबांच्या वॉर्डात ही रेषा म्हणजे पिवळी चिकटपट्टी होती. शरीरातलं आयोडीन रोज कमी होतं, तसे किरणही कमी होतात. तेव्हा बाबा रोज सकाळी मीटर घेऊन जात, मोजत, कालची पट्टी नखाने उकलून काढत आणि आजची थोडी आत, पलंगाच्या बाजूला चिकटवत. तसं करायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. एकदा आखलेली रेषा शेवटपर्यंत तिथेच राहिली असती तरी नियम पाळला गेला असता. पण नातेवाईक सकाळी आल्या आल्या आधी रुग्णाकडे नाही, जमिनीकडे बघायचे, असं बाबा सांगत. पट्टी पुढे गेलेली दिसली की काही बायका तिथेच रडायच्या.

लॉकडाउन लागला त्या आठवड्यात ते टीव्हीसमोर बसून म्हणाले होते, "वेळ कमी, अंतर जास्त, मधे आड काहीतरी. अरे, हे तर आमचंच आहे सगळं." आणि दुसऱ्या दिवशी सलीलच्या हत्यारांच्या पेटीतून पिवळी इन्सुलेशन टेप काढून त्यांनी आमच्या दारासमोरच्या फरशीवर, बरोबर दोन मीटरवर, आडवी पट्टी मारली. पार्सल घेऊन येणारे लोक हसून तिच्यापलीकडे खोका ठेवत. पावसाने ती सुटली की बाबा नवी मारत.

"बरं, आता मेन प्रश्न," बाबा म्हणाले. "एखादा नियम पाळणं कठीण गेलं, असा प्रसंग सांग. हे विचारतातच ना इथे?"

विचारतात. माझ्याकडे उत्तर तयार होतं. एकदा एक कंत्राटदार यंत्राचं दार उघडं ठेवून आत काम करायला निघाला होता, त्याला घाई होती, मॅनेजरही त्याच्या बाजूने बोलत होता. मी यंत्राची किल्ली काढून खिशात ठेवली आणि नियमाप्रमाणे तपासणी होईपर्यंत दिली नाही. त्या दिवशी माल वेळेवर गेला नाही. मी हे सगळं नीट, मुद्देसूद सांगितलं.

बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "यात तुला काय कठीण गेलं?"

"मॅनेजर चिडला होता."

"चिडू दे. तो परका माणूस. त्यात तुझं काय गेलं? हे पाठ केलेलं आहे, निवू. दुसरं शोध."

"दुसरं नाहीये माझ्याकडे."

"सापडेल. महिना आहे अजून." आणि सलीलकडे वळून म्हणाले, "हिचं बोलण्यातच अडतं, सलीलराव. लहानपणापासून. ताप आला तर सांगायची नाही. अंगाला हात लागला की आम्हाला कळायचं. काही हवं असलं तर त्या वस्तूकडे बघायचीसुद्धा नाही, म्हणजे ओळखायचं हिला तेच हवं आहे."

"अजून तसंच आहे," सलील म्हणाला. "मी अंदाजानेच संसार करतो."

बाबांनी सारणात घालायला उरलेली कोथिंबिरीची जुडी उचलली. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सलील पुण्याचा, त्यामुळे सांबारवडी म्हटलं की त्याला अजूनही इडली आठवायची आणि बाबा त्याला अजूनही हसायचे. जुडी नाकाशी नेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं.

"तुमच्या या देशातल्या सांबाराला वासच नाही."

हे ते आल्या दिवसापासून म्हणत होते. ल्यूकनच्या दुकानातली असो, मोठ्या सुपरमार्केटची असो, प्रत्येक जुडीला त्यांचं हेच प्रशस्तिपत्रक असे. आम्ही नेहमीसारखे हसलो.

"आज तर अजिबातच नाही," ते म्हणाले. "गवत आणलं कुठलं."

मी त्याच जुडीतली अर्धी कोथिंबीर आधी चिरली होती. माझ्या बोटांना तिचा वास येत होता.

वड्या छान झाल्या होत्या. संध्याकाळी बाबांनी बाहेर जाऊन पट्टीचं सुटलेलं टोक बुटाने दाबून बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कपाळाला बाम चोळत बसले होते. डोकं दुखतंय म्हणाले, आणि हा बाम जुना झाला, यालाही वास उरला नाही. खोलीच्या दारातून मला तो बाम डोळ्यांत झोंबत होता. तेव्हा मला कळलं.

मंगळवारी चाचणी झाली. शुक्रवारी त्यांना धाप लागायला लागली आणि ॲम्ब्युलन्स आली. निळे झगे घातलेले दोघे दारात उभे राहिले. एकाने मला सांगितलं, "तुम्ही आतच थांबा." बाबा स्वतः चालत गेले. दारासमोरच्या पट्टीपाशी क्षणभर थांबले, खाली पाहिलं, मग ओलांडली. गाडीत चढताना वळून म्हणाले, "आत जा निवू, गारठा आहे." मी आत गेले.

सलील आणि मी त्यांच्या घरातले, म्हणून आम्ही त्या सोमवारपासून, म्हणजे त्यांना वेगळ्या खोलीत ठेवल्यापासून, चौदा दिवस घराबाहेर पडायचं नव्हतं. त्या आठवड्यांत इतके लोक आजारी पडत होते की लक्षणं नसलेल्यांची चाचणीही बंद झाली होती. आम्हाला दोघांनाही काहीच होत नव्हतं. आम्ही चांगले होतो, आणि घरात बंद होतो.

बाबा फोन करत. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून थोडं बोलत, मग पुन्हा लावत. पहिल्या दोन दिवसांत त्यांनी सगळा वॉर्ड पाहून घेतला होता.

"इथेही पट्ट्या आहेत जमिनीवर," ते म्हणाले. "लाल. पक्क्या चिकटवलेल्या. हलवत नाही कोणी."

"तुम्ही सांगा त्यांना."

"सांगितलं नर्सला. म्हटलं, माझी मुलगी इन्स्पेक्टर होऊन राहिली आहे, येईल ती चेक करायला."

"बाबा!"

"मग काय. ती म्हणाली, फेअर प्ले टू हर. म्हणजे शाबास तिची." थोडा श्वास घेऊन त्यांनी विचारलं, "प्रसंग सापडला का?"

"शोधते आहे."

"शोध. तो कंत्राटदार नको."

त्यानंतर फोन लहान होत गेले. मग ते फक्त ऐकत आणि मान हलवत. मी काय बोलत असे ते मला आठवतं: सलीलने आज काय केलं, बाहेर किती गार आहे, खिडकीतल्या तुळशीला एक नवीन पान आलं आहे. त्यांनी इथे दह्याच्या डब्यात लावलेली ती तुळस थंडीने अर्धी वाळली होती. मी तिच्याबद्दल खूप बोलले.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मरेड नावाच्या नर्सचा फोन आला. आवाजावरून वयस्कर वाटली. ती म्हणाली, तुझे वडील थकले आहेत, लव्ह. खूपच थकले आहेत. ती काय सांगते आहे ते मला समजलं. मग ती म्हणाली की अशा वेळी आम्ही घरच्या एका माणसाला आत येऊ देतो, पूर्ण कपडे वगैरे घालून, थोडा वेळ. आणि मग, अगदी सावकाश: "पण तुम्ही घरातच थांबायचंय ना अजून?"

"हो," मी म्हटलं. "सोमवारपर्यंत."

"सोमवारपर्यंत," ती म्हणाली, आणि बोलायची थांबली.

ती माझ्यासाठी थांबली होती. मी तेव्हाही ते ओळखलं. फोनमध्ये मागून कुठलंतरी यंत्र वाजत होतं, कोणीतरी चाकं असलेलं काहीतरी ढकलत नेत होतं. मी काहीतरी म्हणावं म्हणून ती थांबली होती, आणि मी काय म्हणाले असते त्याने नियम बदलला असता की नाही, मला माहीत नाही. बहुतेक नसता.

मी म्हटलं, "दॅट्स ग्रँड. मी समजू शकते. मी स्वतः सुरक्षेच्याच क्षेत्रात आहे."

"यू आर व्हेरी गुड," मरेड म्हणाली. इथे कोणी मिठाची डबी पुढे केली तरी लोक असं म्हणतात. तिने मात्र ते खरोखर म्हटलं. "सगळेच असं समजून घेत नाहीत."

तिने टॅब्लेट त्यांच्यासमोर धरला. बाबांचे डोळे मिटलेले होते. मी पुन्हा तुळशीबद्दल बोलले. सलील मागे उभा राहून माझ्या खांद्यावर हात ठेवून होता, त्याने एकदा हळूच म्हटलं, "निवू, त्यांना हाक मार ना." मी हाक मारली. मरेडने दुसऱ्या हाताने त्यांचा हात धरलेला दिसत होता. रबरी मोज्यातला निळा हात. मी त्या हाताकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

सोमवार अजून आला नव्हता. अंत्यसंस्कार शनिवारी होते. दहा माणसांना परवानगी होती आणि आमच्याकडे दोनच होती, तीही घरात बंद. अंत्यसंस्कार करणाऱ्या कंपनीतला माणूस फोनवर फार हळुवार बोलला. म्हणाला, आम्ही इस्पितळातून स्मशानाकडे जाताना गाडी तुमच्या रस्त्याने नेऊ. घरासमोर थांबवू. तुम्ही दारात उभे राहा, फक्त गाडीजवळ येऊ नका. त्यांच्यासोबत काही ठेवायचं असेल तर पिशवीत घालून बाहेर ठेवा.

मी तुळशीची जी पानं हिरवी होती ती खुडली. तोंडात घालायची ती पानं पेटीवर ठेवली जाणार होती, पेटी उघडणार नव्हते. कागदाच्या पिशवीत घालून मी ती पार्सलं ठेवायच्या जागी, पट्टीच्या पलीकडे ठेवली.

शनिवारी पाऊस नव्हता. गाडी आली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, आपापल्या दारासमोर, शेजारी उभे होते. समोरचं पोलिश कुटुंब, कोपऱ्यावरचे नायजेरियन आजोबा काळा सूट घालून, आणि ज्यांच्याशी मी कधी बोललेही नव्हते असे कितीतरी जण. इथली ती रीत आहे, त्या दिवसांत तेवढीच उरली होती. सगळे दोन-दोन मीटर सोडून उभे होते. बाबांनी ही रांग पाहिली असती तर त्यांना ती आवडली असती.

गाडी थांबली. काळ्या कोटातला माणूस उतरला, टोपी काढून झुकला, पिशवी उचलली आणि मागचं दार उघडून आत ठेवली. काचेतून लाकडी पेटी दिसत होती. माझ्या पायापुढे पट्टी होती. एक टोक पुन्हा सुटलं होतं. पट्टीपासून गाडीपर्यंत मोजून आठ-दहा पावलं असतील. सलील रडत होता. मी पट्टीच्या अलीकडे सरळ उभी होते. माझ्या मनात फक्त एवढंच आलं, की गाडी निघाली की टोक दाबायला हवं.

गाडी निघाली. शेजाऱ्यांपैकी कोणीतरी लांबून इथल्या रीतीने सांत्वन केलं, "सॉरी फॉर युवर ट्रबल." मी मान हलवली. स्मशानातला विधी आम्ही लॅपटॉपवर पाहिला, चित्र दोनदा अडकलं.

विभागाने मुलाखत आपण होऊन मार्चपर्यंत पुढे ढकलली.

त्या दोन महिन्यांत मी तयारी केली. काय करायचं ते हाताला माहीत होतं. कायदा पुन्हा वाचला. काळजी घेणारे आणि धीर देणारे यांचं कलम आज मी इस्पितळांत जाऊन लोकांना समजावते. तेव्हा माझ्याच्याने ते वाचवत नव्हतं. पान उलटून पुढे जात होते.

एकदा जेवताना सलील म्हणाला, "तो कठीण नियमाचा प्रश्न विचारला तर?"

"कंत्राटदार सांगणार."

"बाबा नको म्हणाले होते."

"माहीत आहे."

"निवू, तुझ्याकडे आता..."

"नाही," मी म्हटलं. "त्यांचं मरण मी मार्क मिळवायला वापरणार नाही."

मी म्हटलं ते खरंच होतं. पण तेवढंच खरं नव्हतं. तो प्रसंग कसा सांगायचा हेच मला माहीत नव्हतं. सांगायला गेले तर तो एका आज्ञाधारक बाईचा प्रसंग झाला असता, आणि मुलाखतीत त्याला चांगले गुण पडले असते, आणि ते मला सहन झालं नसतं.

मुलाखत मी बाबांच्या खोलीतून दिली, कारण इंटरनेट तिथेच चांगलं येतं. पलंग होता तसाच होता. उशाशी बाम होता.

पडद्यावर तीन चौकोन उघडले. मधल्या चौकोनात अध्यक्षबाई, पांढऱ्या केसांच्या, मागे पुस्तकांचं कपाट. डावीकडे कर्मचारी विभागाचा तरुण माणूस. उजवीकडे एक उंच, जाड चष्म्याचा गृहस्थ, विभागातला जुना निरीक्षक. तिघांनीही आधी सांत्वन केलं. मी आभार मानले. मग मनात म्हटलं, मे आय सिट. बसलेलीच होते.

पहिला अर्धा तास बरा गेला. कायद्यावर विचारलं, यंत्रांवर विचारलं, घराघरांत जमिनीतून येणाऱ्या रेडॉन वायूवर विचारलं. मग त्या तरुणाने खालच्या कागदाकडे बघून तो प्रश्न विचारला. एखादा नियम पाळणं तुम्हाला कठीण गेलं, असा प्रसंग सांगा.

मी कंत्राटदाराची गोष्ट सांगितली. यंत्राचं दार, किल्ली, खिसा, चिडलेला मॅनेजर. तरुण भराभर लिहून घेत होता.

जाड चष्म्याच्या गृहस्थाने पेन खाली ठेवलं. "चांगलं केलंत," तो म्हणाला. "पण यात तुमचं स्वतःचं काय गेलं?"

त्याने ते टोचून विचारलं नव्हतं. तो प्रश्न त्याच्यापुढच्या कागदावरही असेल. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या मागच्या भिंतीवर एक जुना मीटर टांगलेला होता, बाबांच्या वॉर्डात होता तसा, मोठ्या मुठीचा.

"काही नाही," मी म्हटलं. "त्यात माझं काहीच गेलं नाही. मी दुसरा प्रसंग सांगितला तर चालेल?"

अध्यक्षबाई म्हणाल्या, "अवश्य."

मी सांगितलं. थोडक्यात सांगितलं, कारण मला दुसरं येत नाही. वडील इस्पितळात होते. घरच्या एका माणसाला आत सोडत होते. मी त्यांच्या सहवासात राहिलेली होते, माझे दिवस भरले नव्हते, म्हणून मी गेले नाही. नर्सने फोन केला तेव्हा मी दॅट्स ग्रँड म्हटलं. ती म्हणाली, यू आर व्हेरी गुड.

तरुणाचं लिहिणं थांबलं होतं.

"वडीलही याच कामात होते," मी म्हटलं, आणि पट्टीची गोष्ट सांगितली. ती मात्र मला थोडक्यात सांगता आली नाही. मीटर, नखाने उकलणं, सकाळी जमिनीकडे बघणारे नातेवाईक, सगळं सांगितलं. जाड चष्म्याचा गृहस्थ पुढे झुकून ऐकत होता.

"रोज?" त्याने विचारलं.

"रोज. मी त्यांना कधी विचारलं नाही, कशाला एवढं करता म्हणून. तेव्हा मला वाटायचं की रेषेबाहेर गप्प उभ्या असलेल्या माणसाला ती रेषा पटलेली असते."

बाहेर, समोरच्या घरापुढे, कोणीतरी गाडी चालू केली.

मग अध्यक्षबाईंनी त्यांच्या कामाचा प्रश्न विचारला. तो त्यांना विचारावाच लागला असणार. "तोच प्रसंग पुन्हा आला, तर तुम्ही काही वेगळं कराल का?"

"नियम मोडणार नाही," मी म्हटलं. "नियम बरोबर होता. त्या वॉर्डात आणखी माणसं होती. मी घरीच राहीन." इथे थांबले असते तर उत्तर पुरं झालं होतं. "पण नर्स फोनवर माझ्यासाठी थांबली होती. तिला ग्रँड म्हणणार नाही."

"मग काय म्हणाल?"

मी तोंड उघडलं आणि मला ते इंग्रजीत सापडेना. शब्द साधे होते, मला येत होते, पण ते तिला, मरेडला, म्हणायचेच नव्हते. ते टॅब्लेटच्या पलीकडे, मिटलेल्या डोळ्यांना म्हणायचे होते, जेव्हा मी तुळशीबद्दल बोलत होते. ताप आला तरी सांगायची नाही. अंगाला हात लागला की कळायचं.

"सावकाश," अध्यक्षबाई म्हणाल्या. "घाई नाही."

मी पडद्यावरची नजर काढली. शेजारी पलंग होता, हात लांब केला तर पोचेल इतका. मी त्याच्याकडे बघून मोठ्याने म्हटलं,

"बाबा, मला आत यायचं होतं."